दसऱ्यानंतर बिघडलेला ओव्हन

आमच्या इंदिरानगरच्या घरात एक नियम आहे. पाळीच्या चार दिवसांत ओव्हनला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. वहिनी त्याच ओव्हनवर केकच्या ऑर्डरी करते, म्हणजे ते चार दिवस तिचं काम बंद.

यंदा दसरा झाला आणि ओव्हन बिघडला. बटणं आपोआप दाबली जायची, मग पडद्यावर एरर. आमच्याकडे राहणारी आत्या म्हणाली, "शिवली असणार ही. विकून टाका तो, आणि पुरे ते केक." बाबांनी मान डोलावली. वहिनी आठवडाभर खाली मान घालून वावरत होती.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय. मीटर लावून तापमानाचा सेन्सर तपासला, तो ठीक निघाला. मग समोरचं पॅनेल उघडलं. बटणांची पट्टी बोर्डाला जोडते तिथे ओलसर कुंकू साचलं होतं.

"आत्या, खंडेनवमीला ओव्हनची पूजा कोणी केली?"

"मीच. पाणी शिंपडलं, कुंकू वाहिलं. का गं?"

"ते सगळं बटणांच्या आत गेलंय."

स्पिरिटने पट्टी पुसली, वाळवली, परत जोडली. ओव्हन सुरळीत चालू झाला.

आत्या म्हणाली, "बरं झालं. तरी सूनबाईला सांग, त्या दिवसांत लांबच राहायचं."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "आज माझाच दुसरा दिवस आहे. अख्खा ओव्हन मी आत्ता उघडून जोडलाय."

आत्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी खिडकीबाहेर.