सुनेचा रोग

दवाखान्याच्या बाकावर नंदिनी तापलेल्या तान्ह्याला पदराखाली घेऊन बसली होती. शेजारी कसबा बावड्याच्या दोघी होत्या. झुंबरबाईंच्या मांडीवर नातू झोपलेला आणि त्यांचा हात सारखा स्वतःच्या कमरेशी जाई. सोबतीच्या बायडाबाईंना ते बघवेना.

"नायटा व्हय गं?"

"व्हय. टाकळ्याचा पाला वाटून लावला, तरी हटत न्हाय."

"कधीपास्नं हाय?"

"संस्थान गेलं तवापास्नं. पोराच्या लगनाआधीचा."

"आनि सुनंच्या दंडावर दिसला तर तिला जयसिंगपूरला म्हायेरी घालवलीस?"

"रोगाची निघाली ती. समद्या भावकीत बोभाटा झाला की."

"बोभाटा केलास तूच! आल्यापास्नं तुझीच जुनी लुगडी नेसत हुती बिचारी."

"नवी सून सासूचीच नेसती. आमी न्हाय नेसलो?"

"अंगावर पितं पोरगं बी ठिवून घेतलंस."

"त्याला लागू नये म्हनून."

"आता कुनाजवळ निजतंय?"

"माझ्या कुशीत. रातभर आई आई करतंय."

"आन गं तिला आता. तुझ्या पाया पडते."

"आनली तर भावकीला काय सांगू? रोग माझा हुता म्हनून?"

तेवढ्यात आतून हाक आली. झुंबरबाई नातवाला घेऊन दारात गेल्या. पोराच्या गालावर रुपयाएवढं लाल कडं उठलं होतं.

"नायटा आहे. घरात आणखी कुणाला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

झुंबरबाईंनी लुगडं कमरेशी घट्ट ओढून घेतलं.

"ह्याच्या आईला हुता, सायेब. घालवली तिला."