फुगलेल्या फळ्या

पैठणच्या बसची रांग हलत नव्हती. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये म्हणून अनंतरावांनी पुस्तक उघडलं होतं, पण पुढच्या नवराबायकोपायी पान काही उलटत नव्हतं.

“होडी इकायची तर इका. पण तळाची फळी कुजलीय, हे सांगितलं का डॉक्टरला?”

“त्यानं इचारलंच नाय.”

“उद्या बघाया आल्यावर दिसंल की.”

“कशी दिसंल? दोन दिस पाण्यात बुडवून ठेवलीया. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. थेंब आत यायचा नाय.”

“अन् मधी गेल्यावर शिडात वारा भरला की?”

“हळू बोल, साळू. लोक ऐकत्यात.”

“ऐकू द्या. उद्याच पोरींना फिरवतो म्हणाला ना त्यो?”

“काठाकाठानं फिरवंल.”

“शिडाची होडी काठाकाठानं? मंग असं करा. आधी मला बसवून धरणात एक फेरी मारा.”

“येडी का खुळी? तुला पोहाया कुठं येतं?”

“त्याच्या पोरींना येतं का?”

तेवढ्यात बस लागली. रांग रेटा देऊ लागली.

“पिशवी धर.”

“कुठं निघाले? बस चुकंल!”

“त्या बूथवरून फोन करतो. फळी बदलल्याबिगर येऊ नका म्हन्तो.”

“ओ काका, सरका की पुढं!” मागून कुणीतरी ओरडलं.

अनंतरावांनी पुस्तक मिटलं. त्यांनी काखेतली छत्री आडवी धरली आणि फोनला गेलेल्या नवऱ्याची मोकळी जागा अडवून ते तिथंच उभे राहिले.