सकाळची गिरणी

तुम्हाला म्हणून सांगतो, घरी कुणाला सांगितलं न्हाई हे. औशात आमच्या भिंतीला लागून शांताकाकूंची पिठाची गिरणी हाय. माझ्या खोलीत बिटकॉइन काढायचं मशीन. जास्त कमाईच्या नादात मी त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे चिपचा वेग वाढवला, मग चिपचं व्होल्टेज वाढवलं, आणि मशीन सारखं बंद पडू लागलं. मी तडक गिरणीवर गेलो. दळण घेऊन आलेल्या बायकांसमोर म्हणलो, "काकू, सकाळी तुमच्या गिरणीनं लाईटचा दाब खाली येऊन राहिला. माझं मशीन जळंल."

"मग दुपारनंतरच चालवते बाबा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गिरणी बंद. तरी मशीन सकाळीसुद्धा बंद पडतच होतं.

पंधरा दिवसांनी नांदेडचा मित्र आला. खोलीत शिरताच म्हणला, "अरे, बाहेर हवा फेकायचा पंखा तू उलटा बसवलास. त्यात व्होल्टेज चढवलेलं. तापून बंद पडून राहिलं ते."

तोवर काकूंचं सकाळचं गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीवर जाऊ लागलं होतं. मी खाली मान घालून गेलो. "काकू, चूक माझीच होती."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "असं का? मग उद्यापासून सकाळी चालवू का मी?"