चौकातली फाशी

सलूनमध्ये माझा नंबर दुसरा होता. खुर्चीतल्या काकांच्या गालांना साबण फासलेला होता, तोंड मात्र चालूच होतं.

"जन्मठेप झाली तरी ती काय शिक्षा? बसल्या जागी दोन वेळचं जेवण. तुझ्या भावाला मारणाऱ्याला इथेच, भर चौकात लटकवायला हवं. माझ्या गॅलरीतून नीट दिसेल."

"काका, माझ्या भावाचा खूनही तुम्ही गॅलरीतूनच पाहिलात ना?" न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं.

"पाहिला म्हणजे... दिसला."

"मग उद्या कोर्टात साक्षीला या. दुसरं कुणीच नाही हो. तुम्ही आला नाहीत तर तो सुटेल."

"अरे, पण तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा कुठे होता?"

"आणि फाशीच्या दिवशी?"

"त्या दिवशी लावून बसेन की. कल्ले जरा सारखे कर."