धोंडे जेवलेला भाडेकरू

जोतीराम : आगं, पर भाडेकरूला कुनी धोंडं जेवाय घालतं व्हय?

राहीबाई : अधिक म्हैना हाय. जावयाला नगं बोलवाय?

जोतीराम : जावई कुठला? त्यो नाथाजी तोलार हाय, हळदीच्या पेठेतला. आपल्या पयल्या खोलीत ऱ्हातोय, म्हैन्याला सात रुपयं ठरल्यात. जावई म्हनं!

राहीबाई : त्याची बायकू विजयमाला, बिऱ्हाड घिऊन आली तवा मी तिची वटी भरली. म्हनलं, पोरी, ह्ये तुजं म्हायेर समज. तुमी हितंच हुता की, मिशीला पीळ देत.

जोतीराम : मला वाटलं, तोंडदेखलं बोलतीयास.

राहीबाई : वटी भरून तोंडदेखलं बोलत्यात व्हय? आई-बापाबिगर चुलत्याच्या घरी वाडलेली पोर ती. म्हायेर म्हनल्याबरुबर गळ्यात पडून रडली. मला बी लेक न्हाई. झाली की मग लेक!

जोतीराम : आन् मी दोन म्हैनं भाडं मागाय जातोय. दारात पाऊल टाकलं की ती म्हनती, "आबा, बसा, च्या टाकते." आता आबा म्हनल्यावर कंच्या तोंडानं मागू? गुळाचा च्या पितो आन् माघारी येतो. पलटनीत असताना इटलीत गोळ्या चालल्या हुत्या तवा पाय मागं घेतला न्हाई, हितं कपबशी बघून पळतोय.

राहीबाई : मग नगा जाऊ.

जोतीराम : नगा जाऊ म्हनं! सांजच्या गाडीनं कुंडलहून दादा येतोय. लढाईच्या पैशात उसाची जमीन घे म्हनत हुता, मी सांगलीत ह्या दोन खोल्या बांधल्या. छपराचं निम्मं लाकूड त्याच्या बांधाचं. त्यानं काय बजावलंय, ध्यानात हाय न्हवं? धोंड्याचा म्हैना सरंपातूर भाड्याचा पैसा दाव, न्हाईतर खोल्या इक आन् माज्या औतामागं ये. मी बी व्हय म्हनून बसलो.

राहीबाई : शबूद तुमी दिला. मला कुटं इचारलं?

जोतीराम : वटी भरताना तू मला इचारलं?

राहीबाई : वटी भराय गड्यांस्नी इचारत न्हाईत.

जोतीराम : राही, चेष्टा नगं. सतरा वर्सं दुसऱ्याच्या हुकमावर उठलो, बसलो, जेवलो. आता दादाच्या हुकमात जायाचं माज्या जिवावर येतंय गं. ह्या दोन खोल्या हायत म्हनून मला कुनाची हांजी हांजी कराय नगं.

राहीबाई : म्हाईत हाय मला. मला बी जाऊच्या हाताखाली भाकऱ्या थापायची हौस न्हाई. पर लेकीकडं भाडं मागायचं म्हनलं की माजी जीभ उचलत न्हाई. दुसरी खोली बघाय आज कुनीतरी यायचंय, नवरा-बायकू. त्यांच्याकडनं घ्या की आगाऊ.

जोतीराम : घेतो. तू तेवढं तिला आत बोलवू नगंस.

राहीबाई : गप ऱ्हावा. कोन आलं बघा.

(दारात नाथाजी. फेट्यापासून पायापर्यंत हळदीनं पिवळा आणि चेहऱ्यानं लालबुंद. जोतीरामाला वाटतं : संपलं, हा खोली सोडायला आला.)

नाथाजी : मालक हायत का?

राहीबाई : या जावईबापू! काल जेवलेलं धोंडं पचलं का?

नाथाजी : मालकीनबाई, हात जोडतो. जावई म्हनू नका. निदान रस्त्यावर ऐकू जाईल असं तरी नगं.

राहीबाई : का वं? पुरन कमी पडलं?

नाथाजी : पुरन न्हाई, माजी अब्रू कमी पडली! सकाळी काट्यावर पोतं चढवतोय, तर हळद निवडनारी चंद्राबाई इचारती, "नाथाजी, सासुरवाडीला धोंडं जेवलास म्हनं?" म्हनलं, जेवलो. "ऱ्हातूस कुठं?" म्हनलं, तिथंच. "भाडं किती देतूस?" म्हनलं, अजून कुनी मागितलं न्हाई. झालं!

जोतीराम : काय झालं?

नाथाजी : घरजावई! हमाल पोती टाकून हसत बसलं. दुपारपातूर माजं नावच बदललं. "ए घरजावई, वजन सांग!" विट्याला माज्या बाच्या कानावर गेलं तर त्यो मला दारात उबा करनार न्हाई. ह्ये घ्या, दोन म्हैन्यांचं.

जोतीराम : आरं, पर जावयाकडनं पैसं...

नाथाजी : घ्या म्हनतोय न्हवं! मी तोलार मानूस. एका पारड्यात काय पडलं की दुसऱ्यात टाकल्याबिगर मला चैन पडत न्हाई. काल तेहेतीस धोंडं वाढलं तुमी.

राहीबाई : खाल्लं नऊच. बाकीचं फडक्यात बांधून दिलं.

जोतीराम : राही, घिऊ?

राहीबाई : घ्या. जावयाची अब्रू ती आपली अब्रू.

जोतीराम : थांब मग, पावती लिवून देतो. काम कसं चोख पायजे.

नाथाजी : पावती नगं.

जोतीराम : आं? का रं?

नाथाजी : विजूच्या हाताला लागंल.

राहीबाई : लागू दे की. चोरी हाय का?

नाथाजी : तिला ठावं न्हाई मी पैसं द्याय आलोय. भाड्याचं तिनं इचारलं की मी सांगतो, तुज्या आबानं मागितलं न्हाई. तिला लय बरं वाटतं. परवा आडावर बायांस्नी सांगत हुती, "म्हायेरच्या पान्याची चवच न्यारी." लगीन होऊन चार वर्सं झाली, तिच्या तोंडनं ह्यो शबूद मी ऐकला न्हवता. पेठेत मी ओरडून सांगीन भाडं देतो म्हनून. घरात तेवढं तिचं म्हायेर ऱ्हाऊ द्या.

राहीबाई : आवं, डोळं का पुसताय?

जोतीराम : हळद गेली. ह्याच्या फेट्याची.

राहीबाई : जावईबापू, बसा. च्या टाकते.

नाथाजी : पुन्हा जावई!

राहीबाई : भाडं भरनाऱ्याला कोन घरजावई म्हनतंय? आता हक्कानं म्हननार.

नाथाजी : बरं, म्हना. पर च्या नगं, काटा सोडून आलोय. येतो आबा.

जोतीराम : ये. जपून जा.

राहीबाई : ऐकलं का? मालक म्हनत आला, आबा म्हनून गेला.

जोतीराम : ऐकलं. येऊ दे आता दादाला. त्याचं औत त्याला लखलाभ! पर ह्यातनं मी एक शिकलो. दुसऱ्या खोलीला आदी भाडं ठरवायचं, मग आगाऊ घ्यायचं, मग किल्ली. वटीबिटी काय न्हाई. ह्यो हुकूम हाय.

राहीबाई : न्हाई भरत.

जोतीराम : मग सुपात काय निवडतीयास?

राहीबाई : तांदूळ.

जोतीराम : आन् त्यो नारळ?

राहीबाई : असू द्या वं. पोर कशी हाय, बघू तरी.