पिल्लू मेलं!

हल्ली पोरं तो व्हीआरचा चष्मा चढवतात आणि नसलेल्या वाघाला बघून किंचाळतात. हसू नका यार, मी तर नव्वदच्या दशकातच एका खोट्या जिवापायी अर्धमेला झालोय.

तेव्हा आम्ही नोएडात नवीन फ्लॅट घेतला होता, ऑफिस दिल्लीत नेहरू प्लेसला. दुसरीतल्या लेकीला, मनूला, मी सरोजिनी नगरच्या बाजारातून ते चिनी इलेक्ट्रॉनिक अंडं आणून दिलं होतं. इवल्याशा स्क्रीनवर कोंबडीचं पिल्लू. बटणं दाबून त्याला भरवायचं, झोपवायचं. एका दुपारी ऑफिसात मनूचा फोन. हुंदके देत म्हणाली, "बाबा, पिल्लू मेलं!" आणि फोन ठेवला.

आता घरात आमच्या आठ महिन्यांच्या बाळालाही सगळे पिल्लूच म्हणायचे! घरी फोन लावला, तर सारखा एंगेज. धावत साहेबांकडे गेलो. "सर, घर जाना है, मेरा पिल्लू मर..."

साहेब पंजाबी. त्यांनी ऐकलं 'पिल्ला', म्हणजे कुत्र्याचं. म्हणाले, "ओहो! दिल छोटा मत करो. दूसरा ले लेना."

त्यांचा गळा धरायचाच बाकी होता. तसाच ऑटोनं घरी पोचलो, तर बायकोच्या कडेवर आमचं पिल्लू मजेत ते अंडं चघळतंय! मी मटकन खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

मनूनं माझे डोळे पुसले. "बाबा, रडू नको ना. बटण दाबलं की दुसरं येतं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हळूच विचारलं, "दूसरा लिया?"

म्हटलं, "जी सर. बटन दबाते ही आ गया."