वहिनी, हलू नकोस

— नाही, अजून नाही झालं, बसूनच राहा वहिनी, आणि हात स्टिअरिंगवर ठेव, चालवताना ठेवतेस तसे. मांडीवर नकोत. मांडीवर ठेवलेस की तू मागे रेलतेस, आणि तू रेललीस की इथे खाली मला लगेच कळतं, भोक बोल्टसमोरून सरकतं — केसभरच, पण सरकतं. आणि उतरताना मघासारखं दार आपटू नकोस हं. मी या खड्ड्यात उभी आहे, डोक्यावर अख्खी गाडी आहे, आणि मी किती दचकते ते तुला ठाऊक आहे — कोणाला ठाऊक नाही? टोस्टरमधून पाव उडाला की त्याच्याबरोबर मीही उडते. तुमच्या लग्नात बाबांनी तुझ्या माहेरच्यांना माझी ओळख कशी करून दिली, आठवतंय? ही आमची चिमणी, टाळी वाजवली की भुर्र. सगळे हसले. तूही हसलीस. नाही, हसलीस, मी बघत होते. असू दे. नवी नवरी, सासरा विनोद करतोय, न हसून सांगतेस कुणाला.

दादाला सांगितलंयस ना, इथे आहेस म्हणून? नाहीतर तो शोधत येईल, आणि गॅरेजमध्ये आला की त्याच्या शर्टाला ग्रीस लागतंच, मग आई माझ्यावर तोंडसुख घेते. दादाला गाडीचं काही नाही. त्याला बसायला खिडकी मिळाली की झालं. आई या गाडीला सवत म्हणायची, पण ते आपलं थट्टेत, स्वयंपाकघरातून, चहा गार होतोय हे सांगायला. म्हणजे इतकी वर्षं या गाडीवरून भांडायला घरात कोणी नव्हतंच. इथे खाली फक्त बाबा आणि मी. ते हात पुढे करायचे, न बघता, आणि मी त्या हातात बरोबर पाना द्यायची. कुठला पाना ते सांगावं लागायचं नाही. तुला सांगावं लागतं का? तुला पाना द्यावाच लागत नाही, खरंय. तू वर बसतेस.

तू बसल्या बसल्या ऐक, म्हणजे कंटाळणार नाहीस. हा जो बार आहे ना, तो म्हणजे एक लोखंडी दांडा, पुढच्या दोन चाकांच्या मधे आडवा, दोन्ही टोकं मागे वळलेली. मधे दोन ठिकाणी रबरी बुशांत धरलेला, आणि प्रत्येक टोकाला एक लिंक, म्हणजे छोटी उभी कांडी, ती खाली चाक धरणाऱ्या आर्मला जोडलेली. वळणावर गाडी एका अंगावर कलायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि तिला धरून ठेवतो, थांब म्हणतो, एकटीच कुठे चाललीस, दुसऱ्या चाकालाही बरोबर घे. एवढंच त्याचं काम. पण बसवायचा कसा? चाकं लोंबकळत असताना बसवला की घात. पुष्कळजण तेच करतात — गाडी जॅकवर चढवली, आरामात बोल्ट आवळले, गाणं म्हणत, आणि गाडी खाली उतरवली की बार आधीच पिळलेला. गाडी चारही चाकांवर उभी हवी, टाकीत पेट्रोल हवं, आणि जो चालवणार तो सीटवर हवा. दुसरं कोणी बसून चालतं का? नाही चालत. वजन त्याचंच हवं. तुझ्याऐवजी मी बसले तर उजवी लिंक वेगळी येते, काल बघितलं मी — सहज, माप घ्यायला. थोडाच वेळ. आरसा माझ्याकडे वळवला होता, तो परत तुझ्याकडे करून ठेवलाय. नीट नाहीये? मग कर तू नीट. नको, आत्ता नको, हात काढू नकोस.

शेजारच्या सीटवर? बाबा आहेत. म्हणजे बाबांच्या वजनाएवढं सामान. रंगाचे डबे, आणि वर माझी कॉलेजची पुस्तकं, बाथरूममधल्या काट्यावर एकेक करून तोललेली. संख्याशास्त्राचे ते दोन जाडे ग्रंथ ठेवले तेव्हा कुठे बाबा पुरे झाले. शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा. पट्टा पण लावलाय त्यांना, तुला हसू येईल. रविवारी रॅलीत टेकडीच्या रस्त्यावर सगळ्या जुन्या गाड्या एकामागून एक सुटणार, तू चालवणार, आणि शेजारी ते. टोपी घालून. वळण आलं की हळूच सांगणार — आता पाय काढ, आता धर, आता दे. मोठ्यानं नाही सांगत, ते तुझ्या लक्षात आलं असेल. ती सवय माझ्यामुळे लागली त्यांना. मी दचकू नये म्हणून ते गाडीत हळू बोलायला शिकले, आणि आता ते हळू बोलणं तुला मिळतं, आयतं. तू तर दचकतही नाहीस.

मी शिकले नाही असं नाही. शिकले. गिअर, क्लच, सगळं. पण एका वळणावर मागून कुणीतरी हॉर्न दिला, असा कर्कश, आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले. आपोआप, टाळी वाजल्यासारखे. बाबांनी गाडी सावरली, कडेला घेतली, पुढे स्वतः चालवली. घरी आल्यावर किल्ली खिशात टाकली आणि आईला विचारलं, आज पाहुणे किती येणार आहेत. तेव्हापासून ती किल्ली त्यांच्या खिशात. मग तू आलीस. आणि चहा पिता पिता त्यांनी ती तुझ्यासमोर ठेवली, बशीशेजारी, बिस्किट ठेवावं तशी. आणि तू चक्कर मारून परत आलीस तेव्हा काय म्हणाले? उस्ताद. मला अजून चिमणी, आणि तुला घरात येऊन अजून पडदेसुद्धा बदलले नव्हते तर उस्ताद. मी रागावले नाही. मला आपलं वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले.

आणि त्या संध्याकाळी जेवताना तू म्हणालीस, छान आहे गाडी, फक्त वळणावर जरा कलते. बस. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. कलते? कुठल्या वळणावर? शाळेच्या की पुलाच्या? पुढून कलते की सगळीच? आणि सकाळी उठून बार मागवला. मी त्याच टेबलाशी होते, वहिनी. मीठ माझ्याजवळ होतं, तेसुद्धा कुणी मागितलं नाही. मी हेच म्हणत आलेय, कधीपासून, त्याच खुर्चीवरून — आणि मला दरवेळी काय उत्तर? चिमणे, गाडी कलत नाही, तू घाबरतेस. घाबरते, हे खरं. पण घाबरणाऱ्याला जे जाणवतं ते काय खोटं असतं? उलट त्यालाच आधी कळतं. मी शेजारच्या सीटवर बसून या गाडीचं एकेक वळण पोटात घेतलंय. तू एक चक्कर मारलीस आणि बार आला. डब्यातून, कागदात गुंडाळून. तो कागद मी सोडवला. बुश मी धुतले, ग्रीस मी लावलं, ब्रॅकेट मी आवळले, आणि बाबा वर येऊन बघतात आणि म्हणतात, उस्तादला बोलाव, तिचं वजन लागेल. नुसतं वजन, वहिनी. बाकी काही करायचं नाही तुला.

आता श्वास रोखू नकोस, नेहमीसारखा घे. डावी बाजू झालीये. उजवीचा बोल्ट लावतेय — हं. गेला बघ. नुसत्या बोटानं. हातोडी नाही, पाना नाही, ढकलणं नाही. बोटानं गेला म्हणजे बार मोकळा आहे, कुठेही पीळ नाही. बाबा म्हणतात, बोल्टला विचारायचं, येतोस का, आणि नाही म्हणाला तर जबरदस्ती करायची नाही. तुला नाही सांगितलं कधी? नाही? बरं. विसरले असतील.

आता या लिंकच्या मधे एक नळी आहे, ती फिरवली की लिंक लांब होते, नाहीतर आखूड. आणि समजा — नुसतं समजा — बोल्ट असा छान बसल्यावर कुणी ती नळी अजून थोडी फिरवली. काय होईल? दिसणार काहीच नाही. धोका? छे, धोका कसला, गाडी काय उलटत नाही तेवढ्यानं, मी काय राक्षस आहे का. फक्त डावीकडच्या वळणाला गाडी शहाण्यासारखी वळेल आणि उजवीकडच्या वळणाला रुसेल. आणि चालवणाऱ्याला वाटेल आपलाच हात चुकतोय. शेजारी बसलेल्यालाही तेच वाटेल. उस्ताद, उजवीकडे हात कच्चा आहे बरं का — असं म्हणतील, हसत म्हणतील, पण म्हणतील. आणि घरी आल्यावर टोपी खुंटीला लावतील आणि किल्ली — काही नाही गं. मी आपली माहिती म्हणून सांगतेय. असं कोण कशाला करेल?

कसला आवाज? पाना आहे. नळीला — नटाला लावलाय. एवढंच. आता वरचा नट आवळला की झालं. हां. झालं वहिनी, संपलं. उतर तू.

उतर ना. काय झालं? मोठ्यानं बोल, खाली नीट ऐकू येत नाही, आणि एकदम मोठ्यानं नको — कोणाला नाही जाणवलं? तुला? म्हणजे गाडी कललेली तुला जाणवली नव्हती? मग जेवताना म्हणालीस कशाला?

मी म्हणाले होते म्हणून?

कधी? मावशी आली होती त्या दिवशी? हो, तू वाढत होतीस. मी म्हटलं, बाबांनी चिमणे म्हटलं, मावशी हसली, हो. आणि तुला वाटलं, कुणीतरी परत म्हटलं तर ऐकतील. म्हणून तू चक्कर मारून आलीस आणि माझं वाक्य म्हणालीस. जसंच्या तसं. फक्त वळणावर जरा कलते. अगं, ते माझंच आहे, 'फक्त' आणि 'जरा'सकट. मी भीत भीत बोलते म्हणून मला फक्त आणि जरा लागतं. तू कधी जरा म्हणतेस? मीठ कमी असलं तर तू कमी आहे म्हणतेस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हणजे तुला काही जाणवलंच नाही. काहीही जाणवलं नाही आणि त्यांनी तुझं ऐकलं. आणि मी इतक्या वेळा — नको, सॉरी म्हणू नकोस. माझ्यासाठी केलंस, कळतंय मला. चोरलं असतंस तर बरं झालं असतं, वहिनी, रागावता तरी आलं असतं. आता मी काय करू? तू चांगली पण आहेस, हे कुणी सांगितलंच नव्हतं मला.

थांब. उतरू नकोस. पाय आत घे परत, आणि दार असू दे उघडंच. नाही, काही चुकलं नाही — दोनदा बघायची सवय आहे माझी. सरळ बस. हात स्टिअरिंगवर. नट सैल केला मी. हा बोल्ट आता बोटानं निघत नाहीये, पीळ बसलाय त्याला. कसा बसला? विचारू नकोस. तू विचारलंस की आटे मोजताना मी चुकते आणि मग सगळं परत. नळी मागे घेतेय. अजून थोडी. अजून. थांब, श्वास घे ना नेहमीसारखा, मीच रोखलाय वाटतं. हं — निघाला. आणि परत गेला. बोटानं. नुसत्या बोटानं, वहिनी.

आता आवळते. आता खरंच झालं.

ऐक. ते डबे आणि पुस्तकं मी उचलते, आणि उद्या सकाळी बाबा फिरायला गेले की तू मला शेजारी घेऊन चल. पुलाच्या वळणापर्यंत. उजवीकडे आणि डावीकडे, दोन्ही. हॉर्न कुणी दिला तर देऊ दे, माझ्या हातात काही नसेल. आणि रात्री जेवताना मी सांगेन — बाबा, गाडी आता कलत नाही. फक्त नाही, जरा नाही. ते म्हणतील, चिमणे, तुला काय कळतंय, उस्तादला विचारू. तुझ्याकडे बघतील. तेव्हा तू काही बोलायचं नाही. हो म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, माझी बाजू तर मुळीच घ्यायची नाही. आत्ता बसलीस ना, तशी बस.

जा आता. दादा वाट बघत असेल. आणि दार — हळू.